साठविलेल्या पाण्यातील डासांची साप्ताहिक पाहणी

हिवताप डासांमुळे पसरतो, हे आज चौथीतील मुलासही ठाऊक असते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे अ‍ॅनॉफिलिस डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाचे परोपजीवी आढळले. त्यापूर्वी मात्र दूषित हवेसच दोष देण्याची रीत होती. १९४७ च्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण योजना सुरू झाली, घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले आणि १९६५ मध्ये रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. पुढे डास डीडीटीस दाद देईनासे झाले, औषधाचा पुरवठा अपुरा पडला, देखरेखही सैलावली. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले.

आता हिवतापाच्या जोडीला डेंग्यू व चिकुनगुन्या खेडोपाडी पोहोचले आहेत. हे दोन्ही रोग पसरविणारा एडीस इजिप्ती डास अंगावर पांढरे पट्टे असलेला व दिवसा चावणारा आहे. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो बहुधा क्युलेक्स. एडीस घरातील स्वच्छ, साठविलेले पाणी पसंत करतो. धुराच्या यंत्राने उडते डास काही काळ कमी होतात, पण रांजणातील अळ्यांस त्या धुराची झळ लागत नाही. म्हणून पाहणी रांजणापासूनच सुरू झाली पाहिजे.

उन्हाळ्यापावसाळ्यात अंड्यापासून उडता डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे केल्यास हा क्रम मध्येच तुटतो. 'कोरडा दिवस' पाळण्याचे कारण हेच. तथापि ज्या गावी नळास चार-आठ दिवसांनी पाणी येते, अथवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे गृहिणीस भरलेला रांजण ओतून द्या असे सांगणे अन्यायाचे होय. तेथे ते पाणी दाट कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, कापडावर उरलेल्या अळ्या कोरड्या जमिनीवर झटकाव्यात आणि रिकामा रांजण आतून घासून काढावा. घासणे टाळू नये. एडीसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या अंगास चिकटलेली असतात व कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. भांडे नुसते विसळून पुन्हा भरल्यास त्यांतून अळ्या निघतात. नंतर भांड्याच्या तोंडास कापड घट्ट बांधावे. अर्धवट ठेवलेली ताटली पुरेशी नाही.

वर्गात एका काचेच्या बरणीत अळ्या दाखवाव्यात. बरणीचे तोंड कापडाने बांधलेले असावे. अ‍ॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठास समांतर पडून राहते. एडीस व क्युलेक्स यांच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात. सावली पडताच त्या तळाशी जातात, म्हणून पाहणाराने क्षणभर थांबावे. स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष दिसल्यास डास एक-दोन दिवसांत उडणार असे समजावे. पाठ संपताच बरणी जमिनीवर ओतावी.

यानंतर शिक्षकांनी पाचवी ते सातवीच्या मुलांच्या तुकड्या करून एक आळी पाहावी. आरोग्य सेवकास बरोबर घ्यावे. विहिरीवर वाकणे वा छतावरील टाकीवर चढणे मुलांनी करू नये. रांजण, हौद, गुरांची डोण, कूलर, फ्रिजमागील ताटली, जुने टायर, करवंट्या ही ठिकाणे नोंदवावीत.

गणिताच्या तासास ही नोंद उपयोगी पडते. समजा, ४० घरे तपासली व ६ घरांत अळ्या आढळल्या. घर निर्देशांक १५ टक्के झाला. त्याच घरांतील १६० भांड्यांपैकी ८ भांड्यांत अळ्या असतील, तर भांडी निर्देशांक ५ टक्के. दर १०० घरांमागे अशी २० भांडी होतात. या आकड्यास ब्रेटो निर्देशांक म्हणतात. आकडे फळ्यावर लिहावेत, घरमालकांची नावे लिहू नयेत. ज्याच्या घरी अळ्या निघाल्या त्या मुलास वर्गात मान खाली घालावी लागली, तर पुढील आठवड्यास त्या घराचे दार उघडणार नाही.

मोठे हौद रिकामे करता येत नसल्यास त्यांची यादी ग्रामपंचायतीस व आरोग्य उपकेंद्रास द्यावी. टेमीफॉस टाकणे अथवा बंदिस्त हौदात गप्पी मासे सोडणे हे काम आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे. दुसरी पाहणी सातव्या दिवशी त्याच घरांत, त्याच क्रमाने करावी व दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी मांडावेत.