रिग्रेशनला बसण्याआधी आत्याचे चार शब्द

बाळा, आर शिकायला घेतलंस हे ऐकून बरं वाटलं. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि एलएम एवढी एक आज्ञा दिली की पापणी लवायच्या आत रेषा हजर. गोम तिथेच आहे. आर स्वभावाने भिडस्त, सहसा कुणाला नाही म्हणत नाही. म्हणून ‘थांब, हे बरोबर आहे का?’ हे विचारायचं काम आपल्याकडे येतं. चार गोष्टी सांगायला बसले, त्यांच्या अठरा झाल्या. पण लहान आहेत, कंटाळू नकोस. उदाहरणं आरमध्येच मिळणाऱ्या तक्त्यांची घेतली आहेत, वाचता वाचता करून बघ.

१. आज्ञा कन्सोलवर ठोकत बसू नकोस, स्क्रिप्टमध्ये लिहून तिथून चालव — सहा महिन्यांनी गाइड विचारतात ‘हा आकडा आला कुठून?’, तेव्हा कन्सोल काही सांगत नाही. लिहिलेलं टिकतं, आठवलेलं फिरतं.

२. मूळ एक्सेल फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्त्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये करायच्या — हाताने बदललेला आकडा कुणी आणि का बदलला, हे पुढच्या महिन्यात तुलाच आठवणार नाही.

३. डेटा आत आला की लगेच एसटीआर आणि समरी चालव — पगाराच्या रकान्यात ‘१,२५,०००’ असे स्वल्पविराम राहिले असतील, तर आर त्या रकान्याला अक्षरं समजतं. मग एका उताराऐवजी प्रत्येक पगाराचा वेगळा गुणक छापून पानभर उत्तर देतं.

४. ‘माहिती नाही’साठी कुणी ९९९ भरून ठेवलेत का ते बघ आणि तिथे एनए कर — नाहीतर सर्वेक्षणात ९९९ वर्षांची आजी निघते आणि सगळी रेषा तिच्याकडे झुकते.

५. रिग्रेशनआधी स्कॅटर प्लॉट, न चुकता. फ्रान्सिस ॲन्सकोम्ब यांनी १९७३ साली मुद्दाम चार तक्ते रचले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही ठिकाणी इंटरसेप्ट ३, उतार ०.५ आणि आर-स्क्वेअर ०.६७. चित्र काढलं की कळतं, एक ठीकठाक, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात एक बिंदू भरकटलेला, आणि चौथ्यात एकट्या बिंदूच्या जिवावर रेषा उभी — समरीच्या आकड्यांत यातलं काहीच दिसत नाही. आधी चित्र, मग सूत्र.

६. फॉर्म्युला मोठ्याने वाच: टिल्डच्या डावीकडे ज्याचा अंदाज करायचा ते, उजवीकडे ज्यावरून करायचा ते — उलटं लिहिलंस तरी आर हूं की चूं न करता दुसरीच रेषा काढून देतं.

७. फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह नको. नुसती रकान्यांची नावं लिही आणि तक्ता कुठला ते डेटा या शब्दाने सांग — कार्स तक्त्यात गाड्यांचा वेग आणि थांबायला लागलेलं अंतर आहे; डॉलरवाल्या मॉडेलला एका नव्या वेगासाठी अंदाज विचारलास, तर त्या तक्त्यातल्या जुन्या पन्नासच्या पन्नास ओळींचे अंदाज तुझ्या पुढ्यात ओततं.

८. एखाद्या रकान्याचा वर्ग घ्यायचा तर तो ‘आय’ या फंक्शनच्या कंसात लिही — फॉर्म्युल्यात घाताच्या चिन्हाचा अर्थ वेगळा असतो, त्यामुळे उघडा लिहिलेला वर्ग गुपचूप गळून जातो.

९. दिसायला आकडा पण असायला गट, असा रकाना असेल तर तो फॅक्टर करून बघ. एमटीकार्समध्ये सिलिंडर ४, ६ आणि ८ आहेत. आकडा म्हणून घातले तर दर सिलिंडरमागे मायलेज २.८८ने उतरतं असं एकसुरी उत्तर येतं. फॅक्टर केले तर चारवाल्यांची सरासरी २६.७, सहावाल्यांची तिच्याहून ६.९ने कमी आणि आठवाल्यांची ११.६ने कमी — म्हणजे पहिली पायरी मोठी आणि दुसरी लहान, हे तेव्हाच दिसतं.

१०. समरीच्या तळाची बारीक ओळ वाचल्याशिवाय उठायचं नाही. एअरक्वालिटी तक्त्यात न्यूयॉर्कच्या १५३ दिवसांची नोंद आहे. ओझोनचा अंदाज ऊन, वारा आणि तापमानावरून केलास की त्यातल्या ४२ ओळी एनएमुळे गळतात, ते त्या तळाच्या ओळीत लिहिलेलं असतं — दोन मॉडेलांची तुलना करायची तर दोन्हींत ओळी त्याच हव्यात.

११. गुणक सांगताना एकक सोडू नकोस. कार्समधला उतार ३.९३ आहे, म्हणजे वेग ताशी एक मैलाने वाढला की गाडी थांबायला सरासरी ३.९ फूट जास्त लागतात — नुसतं ‘३.९३’ ऐकून कुणाला काय कळणार?

१२. त्याच मॉडेलचा इंटरसेप्ट उणे १७.६ आहे, म्हणून उभी गाडी उणे साडेसतरा फुटांत थांबते असं लिहू नकोस — तक्त्यातले वेग ताशी ४ ते २५ मैल आहेत, तेही १९२०च्या दशकातल्या गाड्यांचे. मोजलं तेवढंच बोलावं.

१३. इंटरसेप्ट विचित्र आला म्हणून काढून टाकायचा मोह आवर. काढलास तर आर-स्क्वेअर ०.६५वरून थेट ०.९० होतो — पण मॉडेल सुधारलेलं नसतं, तुलना सरासरीऐवजी शून्याशी सुरू झालेली असते.

१४. पी-व्हॅल्यू ‘१.४९ई-१२’ अशी दिसली तर शेपूटही वाच — तो दीड नव्हे, दशांशचिन्हानंतर अकरा शून्यं असलेला चिमुकला आकडा आहे.

१५. समरीतले तारे मोजत बसू नकोस, कॉन्फिंट चालवून उताराचा पल्ला बघ. कार्समध्ये तो ३.१ ते ४.८ आहे — परिणाम शून्य नसावा एवढंच तारे सुचवतात, तो केवढा आहे ते पल्ल्यातून कळतं. तारा चमकतो, उतार बोलतो.

१६. आर-स्क्वेअर वाढवायला रकाने कोंबत जाऊ नकोस, ॲडजस्टेडवर लक्ष ठेव — निरर्थक रकाना घातला तरी साधा आर-स्क्वेअर कधी खाली येत नाही.

१७. एकमेकांना चिकटलेले रकाने एकत्र घालण्याआधी त्यांचा सहसंबंध बघ. एमटीकार्समध्ये नुसत्या वजनाचा गुणक उणे ५.३ आहे, इंजिनाचं आकारमान सोबत घातलं की तो उणे ३.४ होतो, कारण दोघांचा सहसंबंध ०.८९ आहे — एकच हंडा दोघींनी धरला की भार कुणी किती उचलला ते सांगणं अवघड.

१८. मॉडेल झालं की प्लॉटची आज्ञा देऊन चारही आकृत्या बघ; पहिल्या आकृतीत ठिपके पंख्यासारखे फाकलेत की कमानीत बसलेत, ते शोध. कार्समध्ये आर स्वतःच २३, ३५ आणि ४९ या ओळींवर बोट ठेवतं. त्या खोडायच्या नाहीत, उघडून बघायच्या. तेविसावीत ताशी १४ मैलांची गाडी थांबायला ८० फूट लागलेत — बिंदू दूर आहे एवढ्याने तो खोटा ठरत नाही, नोंदीत चूक सापडली तरच त्याला हात लाव.

हे सगळं एका दिवसात अंगवळणी पडणार नाही, पडायची गरजही नाही. आज फक्त कार्स तक्ता घे आणि पाचवा, अकरावा आणि अठरावा मुद्दा क्रमाने करून बघ. मग आर बंद करून पुन्हा उघड आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालव. उतार तोच आला तर काम झालं असं समज. नाही आला तर फोन कर, पण स्क्रिप्ट समोर उघडी ठेवून.