नामिबियाची सहल: अनामत रक्कम विसरू नका

सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या, स्वाकोपमुंडचा समुद्रकिनारा आणि एटोशातले हत्ती-सिंह स्वतः गाडी चालवत पाहायचे, तर हिशेब केवळ भाड्यावर संपत नाही. तिथले बरेच रस्ते खडीचे आहेत. टायर फुटणे, काच तडकणे साध्या विम्यात बहुधा बसत नाही. गाडी देताना कंपनी क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम रोखून ठेवते. कार्डाची मर्यादा अपुरी असेल, तर सहल तिथेच अडते.

दरमहा ५,००० रुपयांची आवर्ती ठेव २४ महिने चालवल्यास मुद्दल १,२०,००० रुपये होते, व्याज वेगळे. त्यातील अनामतीएवढी रक्कम सहलीत खर्च करू नका. गाडीचे नुकसान झालेच, तर कार्डाचे बिल त्यातून फेडता येईल.

लक्षात ठेवा: विम्याच्या अटी सही करण्यापूर्वी वाचा.