अल्कोहोलपासून हायड्रोजन : वाया जाणारी उष्णता वाचवा

मळीपासून अल्कोहोल तयार होते हे आपणांस माहीत आहेच. या अल्कोहोलपासून लहान संयंत्रात हायड्रोजन वायू तयार करता येतो व फ्युएल सेलमध्ये त्यापासून वीज मिळते. मात्र असे संयंत्र परवडेल की नाही, हे बऱ्याच अंशी उष्णतेच्या हिशोबावर ठरते.

क्रिया कशी होते ?

अल्कोहोल व पाणी यांची वाफ निकेलसारख्या उत्प्रेरकावरून ६०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानात नेली असता हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ४६ किलो अल्कोहोल व ५४ किलो पाणी यांपासून जास्तीत जास्त १२ किलो हायड्रोजन मिळू शकतो. प्रत्यक्षात मिथेन व कार्बन मोनॉक्साइडही तयार होत असल्याने उत्पादन कमी येते.

उष्णता कोठे खर्च होते ?

एक किलो अल्कोहोल व त्यास लागणारे पाणी यांची वाफ करण्यास सुमारे ३,८०० किलोज्यूल उष्णता लागते. प्रत्यक्ष क्रियेसही जवळपास तेवढीच लागते. त्यासाठी सहसा अल्कोहोलचाच काही भाग जाळावा लागतो. अशा वेळी तयार वायू व बर्नरचा धूर गरमच सोडून देणे म्हणजे अल्कोहोल वाया घालविणे होय.

बचत कशी करावी ?

गुऱ्हाळात चुलवाणाच्या धुराच्या मार्गावर दुसरी काहील ठेवून रस आधी तापविला, तर चिपाड कमी लागते. येथेही तेच तत्त्व आहे. बाहेर जाणारा गरम वायू व आत येणारे अल्कोहोल-पाणी लगतच्या नळ्यांतून उलट दिशांनी न्यावे. म्हणजे वाफ करण्याचे बरेचसे काम फुकट होते.

पेट्रोलमध्ये मिसळण्यास निर्जल अल्कोहोल लागते. येथे पाणी लागतेच, म्हणून ते पूर्ण काढण्याचा खर्च वाचतो. मात्र या पाण्याची वाफ जळण जाळूनच केली, तर ही बचत हातची जाते.

काय विचारावे ?

आपल्या कारखान्यापुढे असा प्रकल्प आल्यास सभासद या नात्याने तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात :

१. बाहेर जाणारी उष्णता परत कशी वापरणार ?
२. किती अल्कोहोल जळणासाठी जाईल ?
३. वायूतील कार्बन मोनॉक्साइड कसा काढणार ?

हायड्रोजन अतिज्वालाग्राही आहे. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात असताना तो पेट घेतो. म्हणून घरी प्रयोग करू नयेत.