गिरणीच्या कागदपत्रांत बाई कुठे सापडते?



'कामगार चळवळ' म्हटलं की भोंगा, झेंडा, गेटवरची सभा आणि भाषण करणारा पुढारी डोळ्यांसमोर येतो. मालवा मिल, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, हुकुमचंद ही नावं आपण इंदूरकर रोज ऐकतो. पण या इतिहासात बाया कुठे आहेत? माझं म्हणणं थोडक्यात असं: बाया कागदांत आहेत, पण 'चळवळ' असं लिहिलेल्या फाइलीत नाहीत. त्या दुसऱ्याच कागदांत आहेत आणि नेमके तेच कागद आधी रद्दीत जातात.

मुंबईपासून सुरुवात करू

१९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बाया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला 'नायकीण' म्हणत. १९२८च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात या बायाही होत्या. पण युनियनच्या कागदांत पदाधिकारी, ठराव आणि वाटाघाटी यांची नोंद जास्त होते. आणि पदाधिकारी बहुतेक पुरुषच.

मग बाई शोधायची कुठे? एक जागा म्हणजे बाळंतपणाच्या भत्त्याचे कागद. मुंबई प्रांतात १९२९ साली मातृत्व लाभ कायदा झाला. त्याआधी १९२८मध्ये प्रांतिक कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. अशा अर्जात बाईचं नाव, तिचं खातं, तिची नोकरी यांचा माग लागू शकतो. कारकुनाला तो नुसता हिशेबाचा कागद वाटेल, अभ्यासकाला मात्र तो सोन्यासारखा.

दुसरी जागा खानावळीची वही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या बाया होत्या. संप लांबला की कामगाराकडे पैसे नसत आणि उधारीचा बोजा या बायांवर पडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आता विचार करा, संपाच्या महिन्यातली अशी वही हाती लागली, तर ती किराणा-हिशेबात ठेवायची की संपाच्या कागदांत? माझ्या मते संपाच्याच. संप किती दिवस टिकला हे युनियन सांगते. तो कोणाच्या चुलीवर टिकला हे वही सांगते.

कागद नसेल तिथे आवाज

बऱ्याच बायांना लिहिता येत नव्हतं. म्हणून सांगितलेल्या आठवणींना फार महत्त्व आहे. गिरणी कामगार चळवळीतल्या पार्वतीबाई भोर यांची हकिगत अशीच शब्दांकनातून पुस्तकात आली. उषाताई डांगे यांनी स्वतःच आत्मचरित्र लिहिलं. १९८८ साली मुंबईत 'स्पॅरो' हा स्त्रियांसाठीचा ध्वनी-चित्र संग्रह सुरू झाला, तो याच गरजेतून. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४मध्ये ग्रंथरूपात आणला, त्यातही बाया बोलतात.

आपलं इंदूर

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली. थकलेल्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये २०२३च्या डिसेंबरात मंजूर झाले. लाभार्थी होते ४,८०० कामगार. मधल्या ३२ वर्षांत कित्येक कामगार वारले आणि पैशाचा हक्क त्यांच्या बायकामुलांकडे आला. म्हणजे अशा कागदांत बाई येते ती 'वारस' किंवा 'विधवा' म्हणून. मिल बंद झाल्यावर घर कोणी चालवलं, पापड कोणी लाटले, शिवणयंत्र कोणी चालवलं, कोर्टाच्या तारखांना कोण गेलं, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो. इथल्या कामगार चळवळीत वावरलेल्या पेरिन दाजी यांनी हिंदीत आठवणी लिहिल्या, ही मोठीच गोष्ट. पण परदेशीपुरा-पाटणीपुऱ्यातल्या मराठी घरांमधल्या आजीबाईंचं काय? १९९१ला ज्या चाळिशीत होत्या, त्या आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. ग्रंथालय दहा वर्षं थांबू शकतं, हो, पण त्या थांबू शकत नाहीत.

आपण काय करायचं?

१. घरातली जुनी पासबुकं, रेशनकार्डं, भिशीच्या वह्या, मोर्च्याचे फोटो टाकू नका. फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा. 'अमक्याची बायको' नको, तिचं स्वतःचं नाव लिहा. माहेरचंही विचारा.

२. आठवणी रेकॉर्ड करताना आधी परवानगी घ्या. 'काकू, हे कोणाला ऐकवू, कोणाला नको?' असं सरळ विचारा. त्यांनी 'हे छापू नको' म्हटलं तर छापायचं नाही.

३. 'चळवळीत होता का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. 'मिल बंद झाली त्या महिन्यात घरात काय शिजलं?' असं विचारा, मग बोलणं सुरू होतं.

४. मालवीमिश्रित मराठी जशीच्या तशी लिहा. ती 'शुद्ध' करायला गेलात तर अर्धा इतिहास तिथेच पुसला जाईल.

५. यादी करताना प्रत्येक वस्तूला तारीख, जागा, देणाऱ्याचं नाव आणि 'स्त्री-कामगार' किंवा 'कामगार कुटुंब' असा विषय द्या. कपाटात ठेवलेली पण यादीत नसलेली वस्तू शोधणाऱ्यासाठी हरवलेलीच असते.

अभ्यासासाठी: आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरातला असा एक कागद किंवा फोटो आणावा आणि त्यातल्या बाईबद्दल पाच वाक्यं लिहून आणावीत. तीच आपल्या संग्रहाची पहिली यादी होईल.