सूची मागाहून करू म्हणतेस, त्याबद्दल

चि. मृणाल हिस,


तुमच्या संग्रहातले मोडी कागदांचे बांधलेले रुमाल सोडून कागद विषयवार लावायचे, स्कॅन करायचे आणि सूची मागाहून करायची असं ठरतंय, हे ताईकडून कळलं. तेव्हापासून जिवाला घोर आहे. ‘छ ५ जिल्हेज’ एवढीच मिती असलेली चिठ्ठी हाती आली, तर साल कुठून काढशील? रुमालातल्या शेजारच्या कागदावरूनच ना? तिथे ‘सबैन मया व अलफ’ असेल, तर शुहूर ११७०. हे वर्ष मृगापासून धरतात, म्हणून सूचीत १७६९-७० असं लिहायचं आणि मूळ शब्दही तसेच ठेवायचे. चिठ्ठी एकदा ‘जमीन महसूल’ फोल्डरात गेली की हा आधारच तुटला. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापले, पण त्याच सुमारास, १९३३ साली, त्या दफ्तराची मार्गदर्शिकाही काढली. नुसत्या निवडीवर भागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तू म्हणशील, स्कॅन झालं की संगणक शोधेल. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, हातागणिक वळण बदलतं. यंत्राच्या वाचनावर अजून विसंबता येत नाही. आणि वाचलं तरी ‘पंतप्रधान’ म्हणजे कोणता पेशवा, हे सूचीनेच सांगायचं. विषयवारी हवीच असेल तर ती नोंदीत कर. एका नोंदीला चार विषय जोडता येतात, कागद मात्र एकाच फोल्डरात राहतो. पानन्‌पान नोंदवायला जन्म पुरणार नाही, हा आक्षेप मात्र खरा. म्हणूनच आयसॅड-जी हे आंतरराष्ट्रीय मानक वरून खाली यायला सांगतं: आधी दफ्तर, मग रुमाल, जमेल तेव्हा कागद. वर सांगितलेलं खाली पुन्हा लिहायचं नाही. रुमालामागे चार ओळी झाल्या तरी अभ्यासकाला वाट सापडते.

सूची म्हणजे कारकुनी, असं तुझ्या वयात मलाही वाटायचं, तेव्हा तुझ्यावर रागावून काय करू? मोडी शिकलेली आपल्या घरात तू एकटीच. त्याचं कौतुक बोलून दाखवायचं राहून जातं. पहिल्या काही रुमालांची वर्णनं पाठव, अडलेल्या अक्षरांचे फोटोही पाठव. आणि रुमाल सोडताना नाकाला फडकं बांधत जा, तुला धूळ सोसत नाही.

तुझा,
मामा