शिखराची वाट

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात व्हाँतू नावाचा पर्वत आहे. त्याची उंची सुमारे १,९१० मीटर असून सभोवारच्या प्रदेशात त्याच्या तोडीचे दुसरे शिखर नाही. त्याचा माथा उघडाबोडका आणि पांढऱ्या चुनखडीच्या दगडांनी भरलेला आहे. त्यामुळे भर उन्हाळ्यातही त्यावर बर्फ पडल्याचा भास होतो.

चौदाव्या शतकात ह्या पर्वताच्या परिसरात पेट्रार्क हा विख्यात इटालियन कवी राहत असे. त्याचा जन्म १३०४ साली इटलीत झाला. परंतु त्याच्या पित्याला फ्लॉरेन्स नगरातून हद्दपार व्हावे लागले आणि पुढे ते कुटुंब प्रोव्हान्समध्ये येऊन स्थायिक झाले. बालपणापासून व्हाँतू पर्वत पेट्रार्कच्या डोळ्यांसमोर होता. त्या काळी लोक डोंगरावर जात ते मेंढ्या चारण्यासाठी, लाकूडफाट्यासाठी किंवा पलीकडच्या गावी जाण्यासाठी. उंचावरून जग कसे दिसते एवढेच पाहण्यासाठी डोंगर चढावा, ही कल्पना फारशी कोणाच्या मनात येत नसे. पेट्रार्कच्या मनात मात्र ती वर्षानुवर्षे घर करून होती. एके दिवशी रोमन इतिहासकार लिव्ही ह्याचा ग्रंथ वाचताना, मॅसिडोनियाचा राजा फिलिप एका उंच पर्वतावर चढल्याची हकीकत त्याच्या वाचनात आली आणि त्याचा निश्चय पक्का झाला.

आता प्रश्न उरला तो सोबत्याचा. पेट्रार्कला मित्र पुष्कळ होते. त्याने एकेकाला मनातल्या मनात पारखून पाहिले. कोणी फार मंद, तर कोणी फार उतावळा. कोणी सदा खिन्न, तर कोणी अतिउल्हासी. कोणाची बडबड थांबत नसे, तर कोणाच्या तोंडून शब्द फुटत नसे. असे दोष घरी असताना स्नेहापोटी सहज खपून जातात. परंतु बिकट वाटेवर त्यांचेच ओझे होते. पुष्कळ विचार केल्यावर त्याच्या ध्यानात आले की, हवा तसा सोबती आपल्या घरातच आहे. तो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ गेरार्दो. थोरल्या भावाचा बेत ऐकताच गेरार्दोला अतिशय आनंद झाला.

दोघे भाऊ पर्वताच्या उत्तर पायथ्याशी असलेल्या मालोसेन गावी मुक्कामाला आले. २६ एप्रिल १३३६ रोजी दोन सेवकांना बरोबर घेऊन त्यांनी चढण्यास आरंभ केला. हवा प्रसन्न होती, दिवस मोठा होता आणि अंगात उत्साह होता.

वाटेत त्यांना एक वृद्ध मेंढपाळ भेटला. पन्नास वर्षांपूर्वी तारुण्याच्या जोशात तो शिखरापर्यंत जाऊन आला होता. खडकांनी आणि काट्यांनी अंग सोलले, वस्त्रे फाटली. श्रम आणि पश्चात्ताप ह्यांवाचून हाती काही लागले नाही, असे सांगून त्याने त्यांना परत फिरण्याची विनवणी केली. परंतु त्याच्या बोलण्याने त्या दोघांची ओढ अधिकच वाढली. आपले ऐकले जात नाही असे पाहून त्या भल्या माणसाने पुढची खडी वाट दाखवून दिली. जादा कपडे आणि सामान त्याच्यापाशी ठेवून ते निघाले. ते दूर जाईपर्यंत तो मागून ओरडून सूचना देतच होता.

खरी चढण आता सुरू झाली. गेरार्दोने डोंगराच्या धारेवरून सरळ वर जाणारी वाट धरली. ती आखूड होती, पण छातीवर येणारी होती. पेट्रार्कला ती पाहूनच थकवा आला. पलीकडच्या अंगाने एखादी सोपी वाट सापडेल, मग ती लांबची असली तरी चालेल, असे म्हणून तो खालच्या बाजूला वळला. सोपी वाट सापडली खरी. पण ती वर जाईना. तो दऱ्याखोऱ्यांतून भटकत राहिला आणि अखेर दमून भागून वर आला, तेव्हा गेरार्दो विश्रांती घेऊन ताजातवाना होऊन त्याची वाट पाहत बसला होता. काही काळ दोघे बरोबर चालले. पण चढ पुन्हा खडा होताच पेट्रार्क पहिला अनुभव विसरला आणि पुन्हा उतरणीला लागला. असे एकदा नव्हे, तीनदा घडले! प्रत्येक वेळी भाऊ हसला आणि प्रत्येक वेळी थांबला.

शेवटी पेट्रार्क एका दरीत बसला आणि विचार करू लागला. उंचावर जायचे असेल, तर खाली उतरत जाणाऱ्या वाटेने तेथे कसे पोहोचता येईल? चढ टाळल्याने तो नाहीसा होत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो, आणि तोवर पायांतील बळ मात्र कमी झालेले असते. हे केवळ डोंगरालाच लागू नाही, असेही त्याला वाटले. तो उठला आणि ह्या वेळी भावाच्या मागोमाग सरळ चढला.

शिखरावर एक लहानशी सपाट जागा होती. तेथे दोघे बसले. ढग पायांखाली होते. इटलीच्या दिशेला आल्प्सची हिमाच्छादित शिखरे इतकी जवळ भासत होती की, हात पुढे करावा आणि स्पर्श करावा! एका बाजूला मार्सेयजवळचा समुद्र दिसत होता. ऱ्होन नदी तर जणू डोळ्यांखालूनच वाहत होती. सूर्य कलला तसे ते उतरू लागले. उतरताना पेट्रार्क एक शब्दही बोलला नाही. चंद्रप्रकाशात ते मुक्कामी पोहोचले.

ही सारी हकीकत पेट्रार्कने आपल्या एका धर्मगुरू स्नेह्याला लॅटिन भाषेत पत्राने कळविली. पत्र त्याच रात्री लिहिल्याचे त्यात म्हटले आहे. परंतु आज उपलब्ध असलेले पत्र त्याने सुमारे १३५३ मध्ये लिहिले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तोवर बरेच काही घडून गेले होते. १३४३ मध्ये गेरार्दो एका मठात संन्यासी झाला. १३४८ साली युरोपात प्लेगने थैमान घातले. मठातील त्याचे सोबती एकामागून एक मृत्युमुखी पडले. निघून जाण्याचा सल्ला मिळाला असताही गेरार्दो गेला नाही. त्याने आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांना स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली, आणि अखेर एका कुत्र्याच्या सोबतीने तो एकटाच मठाची राखण करीत राहिला. ही वार्ता कित्येक वर्षांनी पेट्रार्कच्या कानी आली, तेव्हा त्याचे मन अभिमानाने भरून आले. धाकट्या भावाने ह्याही वेळी खडी वाटच धरली होती.