कानांचा अभ्यास : लाउडस्पीकर नव्हते तेव्हा



श्रवण म्हटलं की आपल्याला ग्रंथ आणि प्रवचन एवढंच आठवतं. या आठवड्यात जरा वेगळा अभ्यास घेऊ. वीज, मोटार, मिक्सर, मोबाईल यातलं काहीच नव्हतं तेव्हा लोकांच्या कानावर काय पडायचं, आणि त्यावरून ते काय ओळखायचे?

आधी वेळ. ती बघायची नसे, ऐकायची असे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. दिवस-रात्र मिळून अशा 60 घटका. आपल्याकडे लग्नमुहूर्ताला घटिकापात्र ठेवायचे ते हेच. मोठ्या शहरांत उंच जागी पितळेची जाड थाळी टांगलेली असे, तिला घडियाल म्हणत. वाटी बुडाली की तिच्यावर टोले पडत. 1526 साली दिल्ली जिंकणाऱ्या बाबराने आपल्या आठवणींत हे सगळं बारकाईनं लिहून ठेवलंय. त्याला एक अडचण दिसली. रात्री मध्येच जाग आली आणि तीन टोले ऐकले, तर ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे कळायचं कसं? म्हणून त्यानं हुकूम दिला, घटकांच्या टोल्यांनंतर प्रहराचेही टोले द्यायचे. एवढ्या लढायांतून या बादशहाला झोपमोड झालेल्या माणसाची आठवण राहिली, याची मला फार गंमत वाटली. (पहाटे तीनला जागे होणारे आपल्यात बरेच आहेत!)

आता घंटा. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या कैदेत असलेला देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य लिहितो, की जानेवारी 1676 मध्ये एका पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली. लोकांनी कैद्यांच्या शिक्षेचा सोहळा बघायला यावं म्हणून. एरवी तीच घंटा गावाला प्रार्थनेला बोलवायची. घंटा एकच, पण बाहेरच्या माणसाला ती वेगळी ऐकू आली आणि कोठडीतल्याला वेगळी. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूचं चित्र आहे, ते कुणी खरवडून काढलं नाही. धातू तरी कुठे वेगळा? तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील, म्हणजे आपलं कासंच. कथिलानं धातू कडक होतो आणि नाद लांबतो.

आमच्या हैदराबादेत पाहुणे आले की गोवळकोंड्याला नेऊन टाळी वाजवून दाखवावीच लागते. फतेह दरवाज्याच्या घुमटाखालची टाळी जवळजवळ एक किलोमीटरवर वर बाला हिसारला ऐकू येते. पण रविवारच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी लवकर जा. टाळी इतकी लांब जाते त्यात घुमटाची करामत आहेच, पण मधे गोंगाट नसावा लागतो.

म्हणून जुना काळ शांत होता असं मात्र नाही हं. पुण्याच्या तांबट आळीत दिवसभर ठोकाठोकी चालायचीच. फरक एवढाच की आवाज कुणाचा, कशासाठी, हे माहीत असायचं, आणि अंधार पडला की बहुतेक हातोडे थांबायचे.

आता आपल्या गुरुवारच्या भजनाच्या स्पीकरबद्दल. 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, ते आपण पाळतोच. पण साडेआठला शेजारी कुणी आजारी झोपलेलं असलं तर? आपल्या ज्येष्ठांचंही खरं आहे, त्यांना माइकशिवाय ऐकू येत नाही. माझं मत असं, की ज्येष्ठांच्या खुर्च्या पुढे घ्याव्यात, स्पीकर आतल्या बाजूला वळवावा, आणि एकदा शेजारच्या घरी बसून आपलं भजन आपणच ऐकून यावं. तुमचं मत ग्रुपवर जरूर लिहा.

गृहपाठ : बुधवारी संध्याकाळी टीव्ही, पंखा, फोन बंद करून घरच्यांनी एक घटका बसायचं आणि ऐकू आलेले आवाज कागदावर लिहायचे. त्याच कागदाच्या मागे आजी-आजोबांना विचारून लिहा, त्यांच्या लहानपणचे कोणते आवाज आता येत नाहीत. जातं, पिंगळा, वासुदेव, कल्हईवाला, जे सांगतील ते. शक्य असेल तर त्यांच्याकडून तो आवाज काढून घ्या आणि रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका, शनिवारपर्यंत.